थर्ड शिफ्ट लाँड्रीतला बाईचा आवाज

२ नोव्हेंबर, रवि.
गोंदिया पॅसेंजर. बल्लारशाहून वडसा, पुढे बस, कुरखेडा. परत ड्यूटी.
लाँड्रीचं, म्हणजे त्या अमेरिकेतल्या रॅपवाल्या तिघांचं, नवं गाणं आज आलं. मूल स्टेशन सोडल्यावर सिग्नल गेला, सिंदेवाहीला परत आला तेव्हा पूर्ण ऐकलं. नेहमीसारखंच सुरू होतं, मशीनची घरघर, मग तिघं आळीपाळीने. आणि मधेच बाईचा आवाज.
मराठी!
पुन्हा लावलं. मराठीच. जुनी टेप, खरखर, मागे ढोलकी. "हाती माह्या पाटी... हाती माह्या पाटी..." एवढंच फिरून फिरून. "माह्या" म्हणते. पुण्यामुंबईची बाई नाही ही. आपल्याकडची आहे.
समोरची म्हातारी विचारते, "काय झालं व बाई, कोणी गेलं का?" माझं तोंड तसं झालं असेल.
आवाज ओळखीचा वाटतो. कोणाचा ते लिहीत नाही. लिहिलं की खरं वाटायला लागेल.

४ नोव्हेंबर, मंगळ.
सलीमभाईला ऐकवलं. दवाखान्यात माझ्या लॅबच्या बाजूलाच त्याची औषधांची खिडकी. घरच्या आणि ड्यूटीच्या, दोन्ही जिल्ह्यांत थर्ड शिफ्ट लाँड्री ऐकणारे माझ्या माहितीत आम्ही दोघंच, आणि मला ती त्यानेच दिली. त्याचा चुलतभाऊ शारजात एका लाँड्रीत कामाला आहे. नवी नोकरी शोधायला त्याने फोनवर "थर्ड शिफ्ट लाँड्री" टाकलं, तर नोकरीच्या जागी हे तिघं निघाले. अमेरिकेतल्या कुठल्या तरी लहान शहरात हॉस्पिटलच्या चादरी धुणारे, रात्रपाळीवाले, तळघरात रॅप करणारे. तोंड दाखवत नाहीत. चुलतभावाला नोकरी नाही मिळाली, पण गाणी त्याने इकडे पाठवली. गेल्या वर्षी एटापल्लीच्या कॅम्पला जाताना जीपमध्ये सलीमभाईने एक इअरफोन माझ्या कानाला दिला. रक्ताचे डाग कशाने जातात यावर एक अख्खं गाणं आहे. मी दिवसभर सिकलसेलच्या रक्ततपासणीसाठी लोकांची बोटं टोचते. मला ते कळलं.
आज त्याने दोनदा ऐकलं. म्हणाला, "मॅडम, मराठीच आहे. पण आजकल मशीन पन गाते. कोन्या कंप्यूटरनं बनवलं असन."
कंप्यूटर "माह्या" म्हणेल?
"मॅडम, आजकल काहीपन होते."
तेही खरं.

६ नोव्हेंबर, गुरु.
लाँड्रीच्या चाहत्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. सगळे बाहेरचे. पोलंड, ब्राझील, जपानचे दोन, तो शारजावाला, आणि कधीच न बोलणारी मी. अमेरिकेतलं कोणीच नाही. तिथे त्यांना कुत्रं विचारत नाही म्हणे. पोलंडच्या मागदाला गाण्याच्या आत दडलेलं जुनं गाणं शोधायचा नाद आहे. ती विचारत होती, हा आवाज कुठला? एक म्हणे तुर्की, एक म्हणे थाई. जपानवाल्याने शब्द लिहिले होते, "हातिमा यापाती".
मला राहवलं नाही. लिहिलं : मराठी आहे. माझ्या हातात पाटी आहे, असा अर्थ. शाळेची पाटी.
एका मिनिटात सगळे तुटून पडले. तू कोण, कुठली, ही कोण? मागदाने विचारलं, तुझ्या भागातली भाषा का? मी "हो" म्हणून बसले. गावाचं नावही सांगितलं.
आता वाटतं, काऊन सांगितलं?

९ नोव्हेंबर, रवि. बल्लारपूर.
आईला ऐकवलं. काय आहे ते न सांगता. ती मेथी निवडत होती. पहिल्याच ओळीला हात थांबला.
"कुंदा व्हय ही."
म्हणजे मला वाटलं ते बरोबर. कुंदामावशी, आईची धाकटी बहीण. लग्नाआधी गायनपार्टीत होती हे माहीत होतं. चंद्रपूरला ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमात, भीमजयंतीला, वस्त्यावस्त्यांत. मी स्वतः तिला गाताना कधी ऐकलं नाही. भांडी घासताना नुसतं गुणगुणते, त्या गुणगुणण्यावरून मी ओळखलं होतं.
आईला विचारलं, ही टेप अमेरिकेत कशी गेली? तर आई एकदम, "मले काय मालूम. बंद कर ते." आणि पुन्हा मेथी. आता जास्तच जोरात.
संध्याकाळी मावशीकडे. रेल्वे फाटकाच्या पलीकडे. नितीन, तिचा मुलगा, घरीच होता, कोळसा खाणीतली ठेक्याची पाळी संपवून आलेला. मी फोन तिच्या कानाला लावला. तिने पूर्ण ऐकलं. मग फोन परत दिला, पदराने कान पुसला.
"मी नाई ते."
"मावशी, आईनं ओळखलं."
"तुह्या माईले काय समजते गाण्यातलं. मी नाई म्हटलं ना."
नितीन हसत होता. मावशी नाही. दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "सुजे, कोणाले दाखवलं तर नाई ना हे?"
आपला आवाज नसेल तर हे कशाला विचारायचं?

१३ नोव्हेंबर, गुरु.
ग्रुपबाहेरून मेसेज. "मी लिंट. लाँड्रीतला." मागदाने तुझं नाव दिलं. ही बाई कोण ते तुला माहीत आहे का? तुझा नंबर दे, बोलू.
लिंट त्यांच्यातला जाड आवाजाचा. पण खरा कशावरून? नंबर मागतो. सलीमभाई म्हणाला, "मॅडम, लिंकवर बोट ठेवाचं नाई. नंबर द्याचा नाई. उद्या म्हनन पार्सल आलं, कस्टम भरा." त्याच्या सासऱ्याचं असंच झालं होतं.
मीही संशयी. स्लाइड दोनदा बघितल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नाही. लिहिलं : तू खरा असशील तर आमच्या गावाचं नाव घालून दोन ओळी म्हणून पाठव.

१५ नोव्हेंबर, शनि.
पाठवल्या! "करकेडा" म्हणतो, पण आवाज तोच. मागे मशीनची घरघर तीच. करकेडाची एक मुलगी माझ्यावर भरोसा ठेवत नाही, बरोबर करते, मीही ठेवला नसता, असं काहीसं. लॅबमध्ये एकटीच हसले. पेशंटने दारातून डोकावून पाहिलं.
मग त्याने सांगितलं. त्यांच्या शहरात एक म्हातारी प्रोफेसरबाई वारली. घरातलं सामान विकायला काढलं होतं. त्यात खोकंभर कॅसेटी, वर नुसतं "इंडिया". याने खोकं उचललं. बाकी कॅसेटी बुरशीने गेल्या होत्या, एक चांगली. तिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. आवाज ऐकून आम्ही तिघं रडलो, म्हणाला. आपल्या गाण्यात लावायला तिचा तुकडा, "सँपल", घेतलं म्हणे. हा शब्द मी रोज वापरते, पण आम्ही आधी विचारतो आणि मगच बोट धरतो. तसंच लिहून पाठवलं.
मग : बरोबर आहे तुझं. म्हणूनच विचारतोय. डिसेंबर संपताना तबकडी छापायला जाईल. तिच्यावर त्या बाईचं नाव टाकायचं आहे. नाव मिळालं नाही आणि कोणी हो म्हटलं नाही, तर गाणं काढून टाकू.
गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याचं मला आणखीच वाटतं. पण गाणं काढतो म्हणाला, हे फसवणारा कशाला म्हणेल?

१६ नोव्हेंबर, रवि.
कॅम्प होता, बल्लारपूरला गेले नाही. आईचा फोन. आधी धान कापणी, मग थंडी. मग म्हणाली, "ते गाणं. मी चूक बोलली असन. प्रमिलाही असू शकते."
कोण प्रमिला?
"कुंदाची मैत्रीण. दोघी जोडीनं म्हनत. आवाज असे मिळत का घरचे लोक फसत."
आता कुठे आहे?
"कुठी म्हंजे... नाई आता."
वारली?
"सुजा, फोनवर नको."
आई फोनवर नको म्हणते! ती, जी वांग्याचे भाव आख्ख्या गल्लीला ऐकू जातील असे फोनवर सांगते.

२२ नोव्हेंबर, शनि. बल्लारपूर.
मावशीला एकटी गाठली. नितीन पाळीवर. सरळ विचारलं, "प्रमिला कोण?"
चहा उतू गेला. तिने पुसलाही नाही.
मग बोलली. तुटक तुटक. आठवतं तसं लिहिते.
प्रमिला कुरखेड्याकडची. (माझ्याच तालुक्यातली!) बल्लारपूरला मामाकडे शिकायला होती. दोघी गायनपार्टीत. "हाती माह्या पाटी" प्रमिलानेच रचलेलं. एका वर्षी एक गोरी बाई आली, सलवार-कमीज घातलेली, टेप घेऊन. चंद्रपूरला कोणाच्या तरी गच्चीवर दोघींना बसवून गाणी भरून घेतली. पाठवते म्हणाली. पाठवली नाही.
"मंग?"
"मंग काय. प्रमिला गावाले गेली ते वापस आलीच नाई."
लोक म्हणाले, जंगलात गेली, बंदूकवाल्यांकडे, तिथेही गाणी म्हणते. दुसरे म्हणाले, सिरोंच्याकडच्या एका माणसासोबत गोदावरी ओलांडून गेली. मामा म्हणाला, आमचा संबंध नाही. कोणी कोणी येऊन मावशीला विचारून गेले, तुझी मैत्रीण कुठे, चिठ्ठी येते का, शेवटचं काय बोलली. आजोबा घाबरले. त्याच उन्हाळ्यात मावशीचं लग्न उरकलं. गाणं बंद.
"ते गाणं कोणाचं, आवाज कोणाचा, हे मले कोणी विचारलं का मी नाईच म्हनते. तेव्हापासून सवय झाली."
"मग टेपमध्ये कोण आहे? तू का ती?"
आता उठून चहा पुसायला लागली. "तुले काय कराचं?"
सांगितलं, नाव छापणार आहेत.
"नाव!" असं म्हणाली जसं मी शिवी दिली.

२३ नोव्हेंबर, रवि.
पॅसेंजरमध्ये पुन्हा पुन्हा तेच. एकच आवाज आहे का दोन? इअरफोन नीट लावला. वर एक. खाली कोणीतरी असल्यासारखं... का ढोलकीचाच घुमारा?
मावशी खरं सांगते का? सगळं नाही सांगत. एवढं नक्की.

२७ नोव्हेंबर, गुरु.
घोळ. नितीनने रील टाकली. मावशीचा जुना फोटो, कुंदा हे नाव, वर लाँड्रीचं गाणं, खाली "माझ्या आईचा आवाज अमेरिकेत!!" झेंडे, टाळ्या. मला न विचारता. मावशीला न विचारता. बल्लारपूर, चंद्रपूर, राजुरा, सगळीकडे फिरतेय. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला दाखवली, "मॅडम, तुमच्याकडली व्हय का हे?"
मागदालाही पोचली. ती खूश. लिंट विचारतो, म्हणजे ही कुंदा? नाव कसं लिहायचं?
थांब, म्हटलं.

३० नोव्हेंबर, रवि. बल्लारपूर.
नितीनशी भांडण.
"ताई, तुम्हीच त्या लोकायशी बोलून राह्यल्या ना? मंग मले काऊन नाई सांगितलं? माहीच माय ना ते?"
मी काही मिळवायला बोलतेय असं त्याला वाटतं. मी म्हटलं, तुझी आई नाही म्हणते तर तू कसं टाकतोस? तर म्हणाला, "ते सगळ्यालेच नाई म्हनते. जनमभर नाई म्हनत आली. एकदा कोणी हो म्हनलं पाहिजे का नाई?"
बरोबर आहे त्याचं, आणि तरी त्याची घाई बघून मला भीती वाटते.
मावशी आत तांदूळ निवडत बसली होती. तिच्याकडे बटनाचा फोन. रील काय ते तिने बघितलंच नव्हतं, शेजारणीने येऊन सांगितलं.

३ डिसेंबर, बुध.
रीलखाली आज एक कमेंट. फोटो नाही, नाव म्हणजे नुसते आकडे. देवनागरीत लिहिलंय :
"वरचा आवाज कुंदाचा नाई. कुंदा खालून म्हने."
बस. एवढंच.
रक्त फिरवायचं सेंट्रिफ्यूज बंद झालं तरी मी तशीच उभी.

६ डिसेंबर, शनि. चंद्रपूर.
महापरिनिर्वाण दिन, अभिवादनाला गर्दी. आई, मावशी, मी. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या. परत येताना जटपुरा गेटजवळ उसाच्या रसाच्या गाडीशी मावशीला बाजूला घेतलं, कमेंट वाचून दाखवली.
रसाचा ग्लास तसाच धरून उभी.
"पुन्हा वाच."
वाचलं.
"खालून," ती म्हणाली. "खालूनच म्हनत होती मी. गोऱ्या बाईनं मले दूर बसवलं होतं, माहा आवाज जाड म्हनून. गच्चीवर आमी दोघी, ते बाई न ढोलकीवाला. ढोलकीवाला मेला." जरा थांबून, "गोरी बाईही मेली म्हन्ते ना तू?"
हो.
आईने हाक मारली, बस लागली होती.
म्हणजे वरचा आवाज प्रमिलाचा. म्हणजे आई चुकली, मी चुकले, नितीन तर चुकलाच. आणि मावशीने "मी नाई" म्हटलं ते अर्धं खरं होतं.
की हे सगळं तिला सोयीचं आहे म्हणून? कमेंट तिनेच कोणाकडून लिहवून घेतली, स्वतःचं नाव काढून घ्यायला? शेजारणीची पोरगी देते लिहून.
आपल्याच मावशीबद्दल असं लिहिते आहे. लिहिलंय तर राहू दे.

९ डिसेंबर, मंगळ.
आज सलीमभाईवर संशय घेतला. तोंडावर विचारलं, तुम्ही तर नाही ना लिहिलं, गंमत म्हणून? खालचा-वरचा आवाज याबद्दल मी फक्त त्याच्याशीच बोलले होते.
गोळ्यांची पाकिटं मोजत होता, थांबला. "मॅडम, माही आजी कव्वाली गायची. घरातल्या घरात. तिची एक बी टेप नाई. अशा गोष्टीची मी गंमत करन?"
माफी मागितली. तो "चालते" म्हणाला, पण डबा आज एकट्यानेच खाल्ला.
मग कोण? कोणी मुद्दाम दाणे टाकतंय, कोण येऊन टिपतं ते बघायला? तीस वर्षांनी कोणाला काय पडलंय! पण इथे पोलिसांच्या फाइली बंद होतात का कधी, कोण सांगणार.
का तीच?

१३ डिसेंबर, शनि. बल्लारपूर.
मावशीने स्वतः बोलावलं. नितीनला समोर बसवलं. "तुह्या फोनवरून उत्तर लिही त्याले."
काय लिहू?
"लिही : तू असशील तर सांग, गच्चीवर आपल्याले काय खायाले भेटलं होतं?"
नितीन माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे. तो आता हसत नव्हता. लिहिलं.
मी मावशीला म्हटलं, दुसऱ्यानेच उत्तर दिलं तर?
"दुसऱ्याले समजनार नाई."
"आणि तीच असली, तर? तिचं नाव तबकडीवर टाकायचं?"
बाहेर मालगाडी जात होती, ती गेल्यावर बोलली.
"जिती असन तर नाव टाकून तिच्या मागं लोक लावाचे का? मेली असन तर नाव नाई टाकून तिले अजून एकदा माराचं का? तूच सांग, तू शिकली ना."
मग तीच म्हणाली,
"माहं टाकू नको. मी खालून होती."

१७ डिसेंबर, बुध.
नितीनचा फोन. रील काढून टाकली. चौकातल्या टपरीवर कोणी एक माणूस विचारून गेला, हा फोटो कोणाचा, गाणं कोणाचं, घर कुठे. कोण होता ते सांगितलं नाही. साधा पत्रकारही असेल. नितीनचा आवाज बसलेला. "ताई, मले वाटलं लोक मायले पाहाले येतील. असे येतील असं वाटलं नाई."
उत्तर आलं होतं का?
"मालूम नाई. रील गेली का सगळे कमेंट जाते. काल संध्याकाळपर्यंत नोता आला. रात्रीचं पायलं नाई."
म्हणजे आलंही असेल. आणि आम्हीच पुसलं असेल.
त्याला रागावले नाही. पोरगं घाबरलंय.
लिंटचा मेसेज : सोमवारी फाइल छापायला द्यायची. नाव किंवा नकार, काहीतरी दे. घाई करत नाही, पण मशीन आमचं नाही.

२१ डिसेंबर, रवि. कुरखेडा.
काल मावशी इथे आली. एकटी, पॅसेंजरने. लग्नानंतर कधी वडशाच्या पुढे आली नव्हती. म्हणाली, "प्रमिलाच्या गावाले जाऊ." पत्ता काही नाही, गावाचं नाव आणि घरासमोर मोठी चिंच, एवढंच.
आज सकाळच्या बसने गेलो. मालेवाड्याकडचा रस्ता, दोन्हीकडे धान कापलेल्या शेताच्या बांध्या, मग जंगल. गावात पंचशील झेंडा, विहार, आठ-दहा पोरं क्रिकेट खेळत होती. चिंच आहे. घर पक्कं झालंय.
प्रमिलाचा भाऊ अंगणात दोरी वळत होता. साठीचा. मावशीने नाव सांगितलं. त्याने बसा म्हटलं नाही.
"प्रमिला?" दोरी वळतच. "आमच्या इथी कोनी प्रमिला नोती."
"भाऊ, मी कुंदा. मी आली होती एकदा, तुमच्या बाबाच्या तेरवीले."
"दुसरं घर असन."
"चिंच हेच होती."
"चिंचा लय आहेत, बाई."
मान वर केली नाही. राग नव्हता त्याच्या बोलण्यात. पाठ केलेलं बोलत होता, फार वर्षांपूर्वी पाठ केलेलं. मला दवाखान्यातले लोक आठवले, आजार कळल्यावरसुद्धा "आमच्या घरात कोनाले नाई" म्हणणारे. तेही खोटं बोलत नसतात. ते दार लावून घेत असतात.
निघालो. बस यायला वेळ होता, घराजवळच रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसलो. तर मागून त्याची बायको आली. सुकी, उंच, डोक्यावरून पदर. इकडे तिकडे बघितलं. मला म्हणाली, "फोनमधी आहे म्हन्ते ना? आयकवा."
तिला कसं माहीत, फोनमध्ये आहे? आम्ही अंगणात फोनचं नावही काढलं नव्हतं. मी मावशीकडे बघितलं. मावशीच्याही ध्यानात आलं होतं.
इअरफोन दिला. उलटा लावला तिने, मी सरळ करून दिला. ऐकलं. तोंडावरची रेघ हलली नाही. संपल्यावर विचारते, "हे तिकडचे लोक सारे आयकते?"
"सारे नाही. थोडे. पोलंडमध्ये एक मुलगी रोज ऐकते."
"तिले समजते?"
"आता समजतं. मी सांगितलं."
"मंग तिकडंच राहू द्या ना." इअरफोन काढून माझ्या हातात ठेवला. "इथी काऊन आनता."
मावशीने तिचा हात धरला. "बाई, एकच सांग. आहे का?"
ती हात सोडवून घेईना. मागे घरातून खोकल्याचा आवाज आला, तशी हात सोडवून गेली. कुंपणाशी जाऊन मात्र थांबली, घरात गेली नाही.
तेव्हा मावशी गायला लागली. भर रस्त्यावर, मोरीवर बसून. मी पहिल्यांदा ऐकत होते. आवाज जाड, घसा बसलेला, पण सूर हलत नव्हता. खालची ओळ. नुसती खालची. वरची जिथे यायची तिथे थांबायची, तेवढी जागा सोडायची, मग पुन्हा खालून उचलायची. क्रिकेटवाली पोरं थांबली होती.
कुंपणाजवळच्या बाईचे ओठ हलले असं मला वाटलं. तिच्या तोंडावर ऊन होतं. सांगता येत नाही.
मावशीला तसं दिसलं का, विचारलं नाही. बस आली.
बसमध्ये म्हणाली, "त्या अमेरिकेतल्या पोराले काय लिवशील?"
तूच सांग.
खिडकीबाहेर बघत होती. "लिही, आमी अजून विचारून राह्यलो. त्याले म्हन, थांबता येते तर थांब. नाई येत तर गानं काढून टाक. पन नाव अंदाजानं टाकू नको."
लिहिलं तसंच. पाठवलं. तिथे टॉवर नव्हता. फोनवर तो गोल नुसताच फिरत होता, गेलं की नाही कळेना.